समोर दोन हजार अठरा, सातव्या घरात प्यादं

वाचकाचं पत्र, थोडं आखूड करून:

‘सर, नमस्कार. वय ४४, पतसंस्थेत वसुली अधिकारी. शाळेत बुद्धिबळ खेळायचो, मग वीस वर्षं पट माळ्यावर पडून होता. मुलीला (वय १२) शिकवायला म्हणून खाली काढला आणि मलाच पुन्हा वेड लागलं. आता माझं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १६१२ आहे. मध्यंतरी आम्ही बापलेक एका खुल्या स्पर्धेत उतरलो. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर २०१८ रेटिंगचा पंधरा वर्षांचा मुलगा. पेअरिंगचा (कोण कोणाशी खेळणार त्याचा) कागद वाचला तेव्हाच हातपाय गळाले. तरी खेळलो. चार तासांनी पटावर एवढंच उरलं होतं: माझा राजा जी८ वर, प्यादं जी७ वर, हत्ती एफ१ वर. त्याचा राजा ई७ वर, हत्ती एच२ वर. चाल माझी, घड्याळात चार मिनिटं. मी विचार करत असतानाच त्याने हात पुढे केला आणि विचारलं, “ड्रॉ?” माझा राजा माझ्याच प्याद्यापुढे कोंडला होता, बाहेर कसा काढायचा ते सुचेना. शिवाय एवढ्या मोठ्या खेळाडूशी बरोबरी काय वाईट? मी हात मिळवला. गाडीत बसल्यावर मुलीने मोबाइलवर स्थिती मांडली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही जिंकत होतात.” त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या फेऱ्या कशाबशा ओढल्या, आणि शेवटच्या फेरीत १४३० रेटिंगच्या नऊ वर्षांच्या मुलीकडून हरलो. हो, मुलीकडून! एच७ वर उंटाचा बळी देऊन झटपट मात करायला गेलो आणि फसलो. मोठ्यासमोर पाचावर धारण बसते, लहानासमोर घाई होते. माझ्यात हिंमतच नाही का? ध्यान, समुपदेशन असं काही करावं का? की या वयात हे खूळ सोडावं? ता. क. : पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची प्रवेश फी भरून बसलोय. ती परत मिळते का?’

वसुलीसाहेब,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून हुद्द्यानेच हाक मारतो. आणि हुद्दा मोठा नामी आहे. लोकांच्या दारात उभं राहून पै न् पै वसूल करणारा माणूस स्वतःचा अर्धा गुण समोरच्याच्या खिशात सोडून आला. तोही मागणाऱ्याने नुसता हात पुढे केला म्हणून.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी चहा बाजूला ठेवला आणि स्थिती पटावर मांडली. मांडताना हसू आलं, राग मानू नका. तुम्हाला वाटतंय की त्या दिवशी तुमच्यावर काहीतरी अवघड, अद्भुत संकट ओढवलं होतं. प्रत्यक्षात तुमच्यासमोर होती ती हत्तींच्या खेळाच्या शेवटातली सगळ्यात प्रसिद्ध स्थिती. जगातल्या कुठल्याही वर्गात गुरुजी फळ्यावर काढतात ती. तिला लुसेनाची स्थिती म्हणतात. (गंमत म्हणजे लुसेना या स्पॅनिश माणसाच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती नाहीच. साल्विओ नावाच्या इटालियनाने ती १६३४ मध्ये छापली. नाव मात्र लुसेनाचंच चिकटलं.) म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज चार वर्षांचे होते तेव्हा सुटलेलं गणित तुम्ही चार मिनिटं घड्याळात ठेवून सोडून दिलंत.

आता पट काढा. खरंच काढा, पुढचं वाचायला पट लागेल. उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, आणि मोहरी तुमची पांढरी.

तुमचा राजा जी८ वर कोंडलाय. एफ७ आणि एफ८ ही घरं त्याच्या राजाच्या ताब्यात, एच७ आणि एच८ त्याच्या हत्तीच्या ताब्यात. बरोबर? तुम्हाला पहिला मोह होतो ई१ वरून शह देऊन त्याचा राजा हाकलण्याचा. तो डी७ वर जातो, तुम्ही राजा एफ७ वर काढता, आणि मग सुरू होतो शहांचा पाऊस. एफ२ वरून शह, जी२ वरून शह, पुन्हा एफ२. राजा भिजत हिंडतो, आडोसा कुठेच नाही, आणि शेवटी पुन्हा प्याद्यापुढच्या त्याच बिळात शिरतो. तुम्हाला त्या खुर्चीत बसून हेच दिसलं असणार, आणि तिथवर तुमचं चुकलेलं नाही.

चुकलं ते त्याच्या आधीच्या एका चालीत. हत्ती एफ१ वरून एफ४ वर न्या. बस्स. दिसायला अगदी बिनकामाची चाल. शह नाही, धमकी नाही, हत्ती नुसता तीन घरं वर सरकला. त्याला काहीतरी खेळावंच लागतं, समजा हत्ती एच१ वर. आता ई४ वरून शह द्या. राजा डी७ वर गेला की तुमचा राजा एफ७ वर. शह एफ१ वरून, तुम्ही जी६. शह जी१ वरून, तुम्ही एफ६. शह एफ१ वरून, तुम्ही जी५. पुन्हा शह जी१ वरून, आणि आता ई४ वरचा हत्ती सरळ बाजूला सरकून जी४ वर येतो, राजा आणि शहाच्या मधोमध. पाऊस थांबला. त्याने हत्ती मारला तर राजाने तुम्ही त्याचा मारायचा, प्याद्याचा वजीर होतोच. नाही मारला तरी होतोच. मधेच डी७ ऐवजी त्याचा राजा एफ६ वर आला, तर तुमचा राजा एफ८ वर जातो आणि काम आणखी लवकर आटोपतं. हत्ती असा आधीच चौथ्या रांगेत नेऊन ठेवण्याला ‘पूल बांधणं’ म्हणतात. पावसाळ्याआधी घर शाकारतात तसंच. पाऊस पडायला लागल्यावर कौलं चढवायला गेलात तर भिजणारच.

सात चाली झाल्या. तुमच्याकडे चार मिनिटं होती आणि दर चालीला तीस सेकंद वाढत असणार, कारण रेटेड खुल्या स्पर्धांमध्ये बहुतेक ठिकाणी तसंच असतं. ज्याला हा पूल ठाऊक आहे तो ही सात चाली पाणी पीत खेळला असता.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर: तुमच्यात हिंमत नाही असं मला वाटत नाही. चारशे गुणांनी वरच्या माणसाला चार तास झुंजवून प्यादं सातव्या घरात नेलंत, ते काय हिंमतीशिवाय? तुम्हाला पूल बांधता येत नव्हता, एवढंच. त्या जागी तुमच्यासमोर तुमची मुलगी असती तरी तुम्ही अडलाच असतात. फरक इतकाच की तिने ड्रॉ मागितला नसता.

हे मी पोपटपंची म्हणून सांगत नाही. ऐंशीच्या दशकात, सांगलीत एका स्पर्धेत (बुद्धिबळाची पंढरी म्हणतात तिला, आम्ही तिथे वारीसारखेच जायचो) माझ्यासमोर नाव असलेला खेळाडू आला. हत्ती विरुद्ध हत्ती, त्याच्याकडे एक प्यादं जास्त. माझा राजा प्याद्याच्या समोरच, अगदी हवा तिथे. मी दहाएक मिनिटं पटाकडे बघत बसलो, मग घड्याळ थांबवून हात पुढे केला. हरलो म्हणून. त्याने हात मिळवला आणि तर्जनीने माझा हत्ती उचलून सहाव्या रांगेत ठेवला. म्हणाला, ‘इथे ठेवून बसला असतात तर मी काही करू शकलो नसतो. प्यादं पुढे सरकलं की मागे जाऊन शह देत राहायचं.’ फिलिदोरचा बचाव. अठराव्या शतकातली गोष्ट. मी एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. सगळ्या रस्त्यात स्वतःला भित्रा म्हणून घेत होतो, आणि घरी आल्यावर पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की भित्रा वगैरे नाही, मी अडाणी होतो. अडाणीपणाला निदान औषध असतं.

आता त्या मुलाकडे वळू, कारण तुमच्या पत्रात तो डोंगराएवढा झालाय.

तुम्ही तुमच्या बाजूचा हिशोब केलाच असेल. पण वसुली खात्यातला माणूस असून समोरच्याचा ताळेबंद बघितला नाहीत. तुमच्या दोघांत ४०६ गुणांचं अंतर. फिडेच्या तक्त्याप्रमाणे एवढ्या अंतरात वरच्याकडून ०.९२ गुणाची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.०८. तुमचा के गुणक (एका डावाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा) २० धरू. हरला असतात तर रेटिंगचे १.६ गुण गेले असते. दीड रुपया! बरोबरीत मिळाले ८.४, जिंकला असतात तर १८.४ मिळाले असते. आता त्याचं बघा. अठराच्या आतल्या, २३०० खालच्या मुलांचा गुणक ४० असतो. बरोबरीत त्याचे १६.८ गेले. हरला असता तर ३६.८ गेले असते, एका डावात. बाहेर त्याची आई बसली असेल, प्रशिक्षक असेल, आणि सोबतची पोरं ‘अरे, सोळाशेवाल्याकडून?’ म्हणायला टपलेली. तुम्ही त्याचा हात बघितलात. त्या हाताच्या मागचा घाम नाही बघितला.

वरचा खेळाडू खालच्याला उपकार म्हणून ड्रॉ देत नाही. पहिल्या फेरीत तर नाहीच. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचे दोन भाग करून वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी लावतात, म्हणूनच तुमच्या वाट्याला तो आला. वरच्या अर्ध्यातले हे डाव जिंकायचेच म्हणून बसलेले असतात. असा माणूस स्वतःहून बरोबरी मागतो तेव्हा त्याने पटावर काहीतरी बघितलेलं असतं. तुमच्या बाबतीत त्याने पूल बघितला होता. त्याला तो ठाऊक होता आणि तुम्हाला ठाऊक आहे की नाही याची त्याने एका शब्दात परीक्षा घेतली.

नियमाचीही एक गोष्ट, कारण तुम्ही लिहिलंत की तुम्ही विचार करत असताना त्याने विचारलं. रीत अशी की आधी आपली चाल पटावर करायची, मग बरोबरी विचारायची आणि मग घड्याळ दाबायचं. समोरच्याच्या वेळात विचारलेली मागणीही वैध असते, पण ती व्यत्यय म्हणून धरली जाऊ शकते. पुन्हा पुन्हा विचारत असेल तर हात वर करून पंचांना बोलवा, त्यात काही लाजायचं नाही. मी वीसेक वर्षं पंचगिरी केली आहे. हात वर करणाऱ्याला आम्ही कधी हसलो नाही. आणि सगळ्यात कामाचं: उत्तर लगेच द्यायचं कुठे लिहिलंय? एकदा केलेली मागणी त्याला परत घेता येत नाही. ती पटावर तशीच राहते, तुम्ही नाही म्हणेपर्यंत किंवा चाल करायला मोहऱ्याला हात लावेपर्यंत. ती चार मिनिटं तुमची होती. तीन मिनिटं पन्नास सेकंद विचार करून, काही सापडलं नसतं तर तेव्हा हात मिळवला असतात, तरी तेच ८.४ मिळाले असते. समोर आलेला हात हवेत राहिला म्हणून कोणी तुरुंगात घालत नाही. आपल्याकडे पुढे आलेला हात नाकारणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः आपल्यापेक्षा हुशार माणसाचा. त्या संकोचाने आपले कितीतरी अर्धे गुण खाल्ले आहेत.

रेटिंग बघूच नका, असा सल्ला मी देणार नाही. कोणी ऐकत नाही. मीही बघायचो. पेअरिंग लागलं की आधी समोरचा आकडा, मग टेबल नंबर, मग रंग, याच क्रमाने सगळे वाचतात. बघा खुशाल. पण पटाबाहेरचं काही बघून डोकं हलतं ते फक्त खालच्याचंच, असं समजू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात कतार मास्टर्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत मॅग्नस कार्लसन हरला. समोर कझाकस्तानचा अलिशेर सुलेमेनोव, रेटिंगने तीनशेहून जास्त खाली. डाव संपल्यावर कार्लसनने काय लिहिलं? समोरच्याने मनगटावर घड्याळ घातलेलं दिसलं आणि आपली एकाग्रता उडाली. फसवणुकीचा आरोप करत नाही हेही त्याने स्पष्ट केलं. जगातला पहिल्या क्रमांकाचा माणूस, आणि मनगटावरचं घड्याळ बघून डोकं पटावरून उठलं. तुमचं पेअरिंगचा कागद बघून उठलं. जात एकच.

दिव्या देशमुख तुमच्या मुलीला ठाऊक असेलच, नसली तर आज संध्याकाळी सांगा. नागपूरची. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकात गेली ती पंधराव्या मानांकनाने, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) खिशात नसताना. उपांत्य फेरीत समोर माजी विश्वविजेती तान झोंगयी. त्यातला एक डाव दिव्याने १०१ चाली खेळून जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पी, जी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांमध्ये निकाल दिव्याच्या बाजूने, आणि त्या एका विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. माझं लक्ष त्या १०१ चालींवर आहे. शंभर चालींपर्यंत खुर्चीत टिकायचं, तर मन घट्ट असून भागत नाही. साठाव्या, ऐंशीव्या चालीला पटावर जे उरतं ते ओळखीचं असावं लागतं. ओळखीच्या गल्लीत रात्रीही भीती वाटत नाही.

आता शेवटच्या फेरीकडे येऊ. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

‘हो, मुलीकडून!’ असं लिहून तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत. घरात बारा वर्षांची मुलगी पटावर बसते, आणि तिचा बाप असं लिहितो? १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा असंच उद्गारचिन्ह अनेकांच्या कपाळावर उमटलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला की महिलांना अशा स्पर्धांपासून अडवता येणार नाही. त्याच घरातल्या तिघी बहिणींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली दहा वर्षं विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. आपल्या महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे. ते चिन्ह पुढच्या पत्रात दिसायला नको.

आणि तो १४३० चा आकडा. तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाचं रेटिंग म्हणजे सातबारा. वर्षानुवर्षं तेच. नऊ वर्षांच्या मुलाचं रेटिंग म्हणजे गेल्या दिवाळीत शिवलेला फ्रॉक. अंगात शिरेपर्यंत आखूड होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी येते, पण पोर रोज दोन तास सराव करतं आणि यादीच्या पुढे धावतं. ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी सगळीकडची, की खालची सगळी रेटिंगं घसरलीत हे ओळखून फिडेने १ मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० वर नेलं आणि दोन हजारच्या खालच्यांना एकदाच गुण वाढवून दिले. पंधराशेवाल्याला एकदम दोनशे. म्हणजे समोर १४३० दिसलं की दिसतो तो फक्त फ्रॉक, आत केवढं पोर आहे ते पट मांडल्यावरच कळतं.

तुम्ही डावाची नोंद सोबत पाठवलीत, बरं केलंत. मी तो खेळून बघितला. सोळाव्या चालीपर्यंत तुम्ही बरे होतात. मग एच७ वर उंट. का? त्या बळीमागे ठरलेला हिशोब असतो: राजाने उंट मारला की घोडा जी५ वर शह देत येणार, मागोमाग वजीर एच५ वर. तिचा उंट ई७ वर बसून जी५ घरावर डोळा ठेवून होता. तुमचं एच ओळीतलं प्यादं एच४ वर गेलेलं नव्हतं की घोड्याला पाठिंबा मिळेल. घोडा तिथे गेला असता तर तिने फुकट खाल्ला असता. हे तुम्हाला दिसत नव्हतं असं मी मानत नाही, कारण पहिल्या फेरीत याहून बारीक गोष्टी तुम्ही बघितल्या आहेत. तुम्ही बघितलंच नाहीत. नोंदीत चालींसमोर वेळ लिहिली आहे. त्या चालीला तुम्ही अकरा सेकंद दिलेत. आणि पत्राच्या मागच्या पानावर स्वतःच लिहिलंत की बळी देऊन तुम्ही उठून चहा प्यायला गेलात, परत आलात तेव्हा उंट खाऊन, घड्याळ दाबून ती आपल्या कार्टूनच्या बाटलीतून पाणी पीत होती.

त्या डावाने तुमचे १४.८ गुण गेले. पहिल्या फेरीत मिळालेले ८.४ फिटून वर कर्ज झालं. आता सांगा, दोन्ही डावांत वेगळं काय होतं? दोन्हीकडे तुम्ही समोरचा आकडा वाचलात आणि पटावरचं काम अर्ध्यात सोडलंत. एकीकडे ‘हा मोठा, याच्यापुढे माझं काय चालणार’, दुसरीकडे ‘ही लहान, हिच्यासाठी कशाला विचार करायचा’. एकीकडे चार मिनिटं शिल्लक ठेवून उठलात, दुसरीकडे अकरा सेकंदांत उंट फेकलात.

तेव्हा ध्यान करायचं तर करा, प्रकृतीला चांगलंच असतं. समुपदेशनाला माझी मुळीच हरकत नाही, झोप खरंच उडाली असेल आणि अजून येत नसेल तर जरूर जा. पण बुद्धिबळासाठी माझं औषध वेगळं आहे आणि स्वस्त आहे. रोज जेवणं झाल्यावर ताटं उचलली की त्याच टेबलावर पट. मुलीला काळी मोहरी द्या आणि तुमचीच स्थिती मांडा: जी८, जी७, एफ१, समोर ई७, एच२. घड्याळात चार मिनिटं, तेवढीच. तिला सांगा, वाट्टेल तशी अडव. पहिल्या दिवशी ती तुम्हाला अडवेल, बघा. चौथ्या दिवशी अडवता येणार नाही. मग प्यादं जी ऐवजी सी वर न्या, म्हणजे पाठांतर उघडं पडेल. (ए आणि एच च्या कडेच्या प्याद्यांना हा पूल असाच लागू होत नाही, त्यात आत्ता पडू नका.) त्यानंतर बाजू बदला: ती पूल बांधेल, तुम्ही अडवायचं. मग फिलिदोर, मी सांगलीत न ओळखलेला. मग राजा-प्यादं विरुद्ध राजा, समोरासमोर राजे उभे करण्याचं ते जुनं भांडण. मग वजीर विरुद्ध सातव्या घरातलं प्यादं. तुमच्या पातळीला एवढं महिनाभर पुरेल. ओपनिंगचे व्हिडिओ तोवर बंद. तुम्ही यादीत लिहिलेले तीन गँबिट (सुरुवातीलाच प्यादं बळी देण्याचे डाव) तर अजिबात नकोत.

आणि डाव चालू असताना एकच सवय लावा. समोरून ‘ड्रॉ?’ आलं की उत्तर द्यायच्या आधी नोंदीच्या कागदावर त्या चालीपुढे (=) असं चिन्ह काढा. तसा नियमही आहे. पेन हातात घ्यायला, चिन्ह काढायला, पेन ठेवायला पाच सेकंद जातात. तेवढ्यात मान आपोआप समोरच्याच्या चेहऱ्यावरून खाली कागदाकडे वळते, कागदाकडून पटाकडे. लहान मुलासमोर खेळताना याच्या उलट: मारामारीची चाल सुचली की आधी हातावर बसा. खरंच, दोन्ही हात मांडीखाली घाला. मी मोठमोठ्यांना असं बसलेलं पाहिलंय, आणि ते बघायला काही वाईट दिसत नाही.

तुमच्या मुलीने गाडीत जे म्हटलं त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. बहुधा ‘असू दे’ म्हणून स्टार्टर मारला असणार. आज तिला सांगा, ‘हो, जिंकत होतो, पण पूल बांधता येत नव्हता. चल, शिकू.’ बारा वर्षांच्या मुलीला बापाने हे कबूल केलेलं ऐकायला मिळालं, तर तिच्या खेळाला त्याचा उपयोग होईल. किती, ते मला मोजता येत नाही.

खेळ सोडावा का, याचं उत्तर मी देत नाही, कारण ता. क. मध्ये तुम्ही ते दिलेलंच आहे. सोडायला निघालेला माणूस पुढच्या स्पर्धेची फी आधी भरत नाही.

फी परत मिळत नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोचा, उपस्थिती नोंदवा, आणि पेअरिंगच्या कागदावर आधी टेबल नंबर वाचा.